यहूदी : नववीच्या वर्गात आलेला एक शब्द

गेल्या महिन्यात नववीच्या वर्गावर मराठीचा तास चालू होता. शेवटच्या बाकावर दोन मुलांची झटापट झाली आणि त्यातला एक उभा राहून म्हणाला, "सर, ये मेरेकू यहूदी बोला." कारण काय, तर त्याच्याकडे दोन पेन होते आणि मागूनही त्याने एक दिला नव्हता.

मी शिवीगाळीसाठी मुलांना नेहमी रागावतो, पण ही शिवी रागावण्याआधी समजून घ्यावी असे वाटले. फळ्यावर शब्द लिहिला आणि विचारले, यहूदी म्हणजे कोण? उत्तरे भराभर आली. कंजूस. दगाबाज. सगळ्या दुनियेचा पैसा ज्यांच्याकडे आहे ते. गाझात बच्चों को मारने वाले. मी पुढे विचारले, तुमच्यापैकी कुणी यहूदी पाहिला आहे? कुणीच नाही. शिरपुरात कुठून पाहणार! मग म्हटले, आपल्या महाराष्ट्रात असे यहूदी होते, अजून थोडे आहेत, जे घरात मराठी बोलतात, ज्यांची आडनावे दिवेकर, पेणकर, चेऊलकर अशी आहेत. सगळा वर्ग हसला. त्यांना वाटले, सर मजाक करतायत.

उरलेला तास मी याच विषयावर घेतला. तिसऱ्या दिवशी एका मुलाचे वालिद शाळेत आले. भला माणूस, आग्रा रोडवर ट्रक चालवतो, मुलांच्या शिक्षणाची तळमळ आहे. ते भांडायला आले नव्हते, पण दुखावले होते. "सर, तिकडे लहान लहान लेकरं मरताहेत, आणि तुम्ही आमच्या पोरांना यहूद्यांची तारीफ शिकवता?"

हा प्रश्न खोटा नाही. ऑफिसच्या दारात उभ्या उभ्या त्याचे उत्तर मला नीट देता आले नाही. ते इथे लिहितो आहे.

सुरुवात कोकणापासून करावी लागेल. अलिबागजवळ नवगाव नावाचे गाव आहे. बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते की फार पूर्वी त्या किनाऱ्यावर एक जहाज फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांचा वंश कोकणभर पसरला. बुडालेल्यांच्या कबरी म्हणून नवगावातली जागा आजही दाखवतात. हे कोणत्या शतकात घडले यावर अभ्यासकांचे एकमत नाही, आणि आपल्याला त्याची गरजही नाही. गरज आहे ती पुढच्या गोष्टीची. हे लोक गावोगाव पांगले, तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवू लागले. म्हणून गावाने त्यांना नाव दिले 'शनिवार तेली'. सोमवारी घाणा न चालवणारे हिंदू तेली होते, ते 'सोमवार तेली'. बस, एवढाच फरक गावाच्या लेखी होता. कोण कुठल्या धर्मग्रंथाला मानतो यापेक्षा तेल कोणत्या दिवशी मिळणार नाही, हे गावाला माहीत असणे जास्त जरुरीचे होते. आमच्या खानदेशातल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. पिंजारी, मनियार, बागवान, खाटीक या आपल्या ओळखी अशाच धंद्यातून आलेल्या आहेत. माझ्या आजोबांना गावातले लोक कोणत्या नावाने ओळखत असत ते आठवले, तर त्यात 'मुसलमान' हा शब्द फार उशिरा येतो.

आडनावेही गावांची. किहीमचे केहीमकर, राजपुरीचे राजपूरकर, झिराडचे झिराडकर. साडी नऊवारी, बोली मराठी. आणि धार्मिक शब्द? इथे आपल्या वाचकांनी जरा थांबावे. बेने इस्राएल लोक आपल्या प्रार्थनामंदिराला मराठीत 'मशीद' म्हणत. त्यांच्यातल्या ज्या मोजक्या घराण्यांकडे धर्मविधी आणि तंटे सोडवण्याचे काम होते त्यांना 'काझी' म्हणत. नवस फेडताना हजरत इलियास, म्हणजे त्यांचे एलियाहू हनाबी, यांच्या नावाने पोहे, खोबरे, गूळ आणि फळांचे ताट ठेवतात. त्या विधीचे नाव 'मलिदा'. आपल्याकडे फातिहाला मलिदा करतात तोच हा शब्द. मुंबईत मांडवी भागात त्यांची पहिली मशीद १७९६ साली उभी राहिली, तिच्या आसपासच्या वस्तीला इस्राएल मोहल्ला म्हणत. लोकलचे 'मस्जिद' हे स्टेशन या जुन्या मशिदीवरून नाव घेऊन उभे आहे, असे तो समाज सांगतो. आपल्यापैकी हजारो लोक व्यापाराच्या खरेदीला मस्जिद बंदरला उतरले असतील. मीही उतरलो आहे. मला ते कधी कुणी सांगितले नव्हते.

ती मशीद बांधणाऱ्या माणसाची गोष्ट तर मुलांना मी दोनदा सांगितली. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल एझेकिएल दिवेकर, कंपनीच्या फौजेत अधिकारी होते. टिपू सुलतानाविरुद्धच्या दुसऱ्या लढाईत ते कैद झाले. कैद्यांची जात-धर्म विचारताना त्यांनी आपण बनी इसराईल आहोत असे सांगितले. टिपूच्या घरातल्या एका वडील स्त्रीने ते ऐकले आणि म्हणाली की हे नाव तर कुरआनात आहे, यांना आपण आजवर कधी पाहिले नव्हते, यांना मारू नका. दिवेकर सुटले आणि नवस फेडायला त्यांनी मशीद बांधली. ही समाजाची आठवण आहे, दरबारी दप्तर नाही, हे मी मुलांनाही स्पष्ट सांगितले. पण एका यहुदी समाजाने आपल्या पहिल्या प्रार्थनाघराच्या पायात कुरआनातला एक शब्द आणि एका मुस्लिम बाईची दया ठेवली आहे, आणि दोनशे वर्षे ती गोष्ट लेकरांना सांगितली आहे, हे काय कमी आहे?

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. ती आपल्याला आवडणारी नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईतले मिशनरी जॉन विल्सन यांनी नोंदवून ठेवले आहे की हे लोक स्वतःला 'यहूदी' म्हणवून घेणे टाळतात, कारण मुसलमानांमध्ये त्या शब्दाला तिरस्काराचा वास आहे. 'बनी इसराईल' मात्र पवित्र ग्रंथातले, सन्मानाचे. म्हणजे एक समाज शेजाऱ्यांच्या जिभेकडे बघून आपले नाव निवडत होता. विल्सनसाहेबांचा अंदाज शंभर टक्के बरोबर असेल असे नाही. पण माझ्या वर्गातल्या त्या दोन पेनांच्या भांडणाने त्यांना निदान खोटे पाडले नाही.

हा तिरस्कार कुठून आला? सोपे उत्तर देणारे दोन्हीकडे आहेत. एक म्हणतात, इस्लाममध्येच ज्यूद्वेष आहे. दुसरे म्हणतात, छे, आपल्याकडे तसे काही नव्हतेच, सगळे युरोपने केले. मला दोन्ही उत्तरे आळशी वाटतात.

मदिन्यात आल्यावर प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी यहुदी टोळ्यांसोबत करार केला, तो मीसाके मदीना म्हणून आपल्या मदरशांत शिकवला जातो. पुढे त्यातल्या काही टोळ्यांशी युद्धे झाली, कठोर शिक्षा झाल्या, त्या प्रसंगांचे पडसाद आपल्या ग्रंथांत आहेत. ते लपवायचे कारण नाही. पण त्याच परंपरेत, बुखारीत, यहुद्याचा जनाजा जाताना प्रेषित उभे राहिल्याची आणि तो यहुदी होता असे सांगणाऱ्यांना त्यांनी तोही एक जीवच नव्हता का असे विचारल्याची हदीस आहे. आमच्या मोहल्ल्यातल्या तकरिरींमध्ये पहिल्या प्रकारचे प्रसंग मी कितीतरी वेळा ऐकले. दुसरा एकदाच, तोही लहानपणी, एका म्हाताऱ्या मौलवीसाहेबांकडून.

कंजूस, कटकारस्थानी, जगाचा पैसा मुठीत असलेला यहुदी मात्र आपल्या जुन्या पुस्तकांतला नाही. तो युरोपातून आला. १८४० साली दमास्कसमध्ये एक ख्रिस्ती साधू आणि त्याचा नोकर नाहीसे झाले. यहुद्यांनी सणाच्या रोटीत रक्त वापरायला त्यांना मारले अशी आवई उठली. ही युरोपातली शेकडो वर्षांची जुनी अफवा होती, आणि दमास्कसमध्ये तिला फ्रान्सच्या वकिलानेच बळ दिले. लोकांचे छळ करून कबुलीजबाब घेतले गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उस्मानी सुलतान अब्दुल मजीद यांनी फर्मान काढून सांगितले की हा आरोप निखालस खोटा आहे आणि यासाठी यहुद्यांना कुणी त्रास देऊ नये. खिलाफतीचे नाव घेऊन आज जे यहूदी साजिशीची भाषा करतात, त्यांना हे फर्मान कुणीतरी वाचून दाखवायला हवे.

मग १९०३ मध्ये रशियात 'प्रोटोकॉल्स' नावाचा बनावट दस्तऐवज छापला गेला. यहुदी पुढारी गुप्तपणे बसून जग काबीज करण्याचा बेत आखत आहेत, असे त्याचे सोंग. लंडनच्या 'टाइम्स'ने १९२१ मध्येच ते दुसऱ्या एका फ्रेंच पुस्तकातून चोरलेले आहे हे शेजारी शेजारी उतारे छापून दाखवले. आज शंभर वर्षांनंतरही त्याचे उर्दू तर्जुमे फिरत असतात आणि शिकलेली माणसे ते पुढे पाठवतात. मला स्वतःला एका बीएड झालेल्या दोस्ताने पाठवले होते. बीएडला आम्हाला 'साधनाची विश्वासार्हता' या विषयावर पाच गुणांचा प्रश्न असे! आणि नोव्हेंबर १९४१ मध्ये जेरुसलेमचे मुफ्ती अमीन अल-हुसैनी बर्लिनला जाऊन हिटलरला भेटले, हे तर आपल्याच इतिहासाचे पान आहे. इंग्रजांचा राग हे कारण असेल. पण कुणाकडे गेलो, हे कारणाने पुसले जात नाही. उलट युरोपात ज्यू शेजाऱ्यांना वाचवणारे मुसलमानही होते, पण त्यांची यादी मी देत नाही. अशी यादी वाचून आपल्याला बरे वाटते आणि विषय तिथेच संपतो.

आमच्या उर्दूत हा शब्द नेहमीच असा नव्हता. आगा हश्र काश्मिरींचे 'यहूदी की लड़की' हे नाटक पारसी रंगभूमीवर तुफान चालले. त्यात जुलूम करणारे रोमन आहेत आणि प्रेक्षकांची हमदर्दी यहुदी बापाबरोबर आहे. १९३३ मध्ये त्याचा सैगलसह बोलपट झाला, १९५८ मध्ये बिमल रॉय यांनी 'यहुदी' काढला, दिलीपकुमार, मीनाकुमारी आणि सोहराब मोदी यांना घेऊन. माझे अब्बा तो सिनेमा अनेक वेळा पाहिल्याचे सांगत आणि सोहराब मोदींची नक्कल करत. त्या पिढीच्या कानात 'यहुदी' म्हटले की जालिमासमोर ताठ उभा राहिलेला म्हातारा बाप येई. आणि १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत लागलेला पहिला बोलपट 'आलम आरा' ज्या नाटकावरून बेतला, त्याचे लेखक जोसेफ डेव्हिड पेणकर हे बेने इस्राएल होते. उर्दूला पडद्यावर पहिल्यांदा बोलते करण्यात एका कोकणी यहुद्याचा हात आहे. आम्ही उर्दू दिन साजरा करतो, तेव्हा या नावाची आठवण कधी निघत नाही.

तरी रस्त्यावरचे चित्र अगदी गोड नव्हते. इंग्रजीतले मोठे कवी निस्सीम इझिकेल मुंबईचे बेने इस्राएल. त्यांच्या 'बॅकग्राउंड, कॅज्युअली' या कवितेत कॅथलिक शाळेतला एक यहुदी मुलगा आहे. ख्रिस्ताला मारणारा म्हणून त्याला हिणवले जाते, आणि त्याला मार देणाऱ्यांमध्ये एक मुसलमान खेळाडू मुलगाही आहे. ही कविता वाचली तेव्हा मी पोरगा होतो, शिक्षक झालो नव्हतो. त्या मारणाऱ्या मुलाला कोण शिकवत असेल, हा प्रश्न आता पडतो.

आता शहराच्या दुसऱ्या बाजूला वळू, कारण त्या वालिदांच्या प्रश्नात ती बाजूही होती. चहाच्या टपरीवर आजकाल इस्राएलचे कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. 'त्यांच्यासारखे करायला पाहिजे' हे वाक्य आमच्याकडे बघून, जरा मोठ्याने म्हटले जाते. याच लोकांच्या तोंडी हिटलरची शिस्तही असते. बसस्टँडच्या पुस्तकांच्या स्टॉलवर हिटलरचे आत्मचरित्र मराठीत मिळते आणि व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी मांडलेले असते. २००६ मध्ये नवी मुंबईत खारघरला हिटलरच्या नावाने एक हॉटेल उघडले होते, मुंबईच्या ज्यू समाजाने निषेध केला तेव्हा नाव बदलले. हिटलरही आवडतो आणि इस्राएलही आवडतो, हे कसे? मला बरीच वर्षे हे नुसते अज्ञान वाटे. मग गोळवलकर गुरुजींचे १९३९ चे 'वी ऑर अवर नेशनहुड डिफाइन्ड' हे पुस्तक वाचले. त्यात जर्मनीने आपल्या वंशाची शुद्धता राखण्यासाठी सेमिटिक वंशाला बाहेर काढले, त्यातून हिंदुस्थानने धडा घ्यावा असे म्हटले आहे, आणि त्याच पुस्तकात पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंचे राष्ट्र पुन्हा उभे राहण्याबद्दल आस्थाही आहे. सावरकरांनी १९३८ च्या भाषणांत जर्मनीतले ज्यू आणि इथले मुसलमान यांची तुलना केली आणि डिसेंबर १९४७ मध्ये ज्यू राज्याच्या कल्पनेचे स्वागत केले. गुरुजींच्या त्या पुस्तकापासून संघ पुढे दूर झाला, हेही नोंदवले पाहिजे. पण विचाराची जोड उघड आहे. ज्यू दुसऱ्यांच्या देशात असेल तर परका, स्वतःच्या देशात असेल तर आदर्श. माणूस तोच, जागा बदलली की किंमत बदलते. अशा कौतुकात ज्यूंबद्दल प्रेम कुठे आहे?

ही गोष्ट एका यहुद्यानेच सगळ्यात आधी ओळखली होती, आणि त्याचे नाव आपल्या इतिहासाच्या पुस्तकात आहे. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांमधले एडविन माँटेग्यू. ते ब्रिटिश मंत्रिमंडळातले एकमेव ज्यू मंत्री होते आणि भारतमंत्री होते. १९१७ साली पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंचे राष्ट्रीय घर उभारण्याचे बाल्फोर यांचे वचन तयार होत होते, तेव्हा ऑगस्टमध्ये माँटेग्यूंनी विरोधाचे टिपण लिहिले आणि त्याला नाव दिले, सध्याच्या सरकारचा ज्यूद्वेष! त्यांचे म्हणणे असे, की तुम्ही आम्हाला दूरवर एक 'आमचा देश' दिलात की ज्या देशात आम्ही पिढ्यानपिढ्या राहतो, तिथले लोक म्हणतील, जा आता तिकडे. तिथल्या मुसलमान आणि ख्रिस्ती रहिवाशांना घर सोडावे लागेल, हेही त्यांनी लिहिले होते. त्यांचे ऐकले गेले नाही.

'जा तिकडे' हे शब्द आम्हा खानदेशातल्या मुसलमानांना कुणी समजावून द्यावे लागत नाहीत. आमच्यासाठी 'तिकडे'चे नाव फक्त वेगळे आहे. क्रिकेटची मॅच असो, कुठे बॉम्ब फुटो, तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या बादशहाचा मोबाइलवर कुणी फोटो ठेवो, खुलासा आमच्याकडे मागितला जातो. ७ जून २०२३ रोजी कोल्हापुरात काही पोरांच्या स्टेटसवरून बंद झाला, दगडफेक झाली, ज्यांचा त्या स्टेटसशी काही संबंध नव्हता त्यांची दुकाने फुटली. त्या आठवड्यात शिरपुरातही कितीतरी घरांत बापांनी पोरांचे फोन तपासले. मीही माझ्या मुलाचा तपासला. नावावरून माणसाला जबाबदार धरणे म्हणजे काय, ते आम्ही रात्री जागून शिकलो आहोत. मग तीच गोष्ट आपण 'यहूदी' या शब्दाने दुसऱ्याला कशी करतो? अलिबागच्या इस्राएल आळीत राहणाऱ्या म्हाताऱ्याला गाझाचा जाब विचारणारा आणि मला लाहोरचा जाब विचारणारा, यांच्यात मला फरक दिसत नाही.

तर गाझा. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्राएलमध्ये सुमारे १,२०० माणसे मारली, त्यात बहुतेक सामान्य नागरिक होते, आणि अडीचशेच्या आसपास ओलीस नेले. त्यानंतर गाझावर जे झाले त्यात हजारोंनी लेकरे गेली, दवाखाने गेले, शाळा गेल्या. याचा निषेध करणे हा ज्यूद्वेष नाही. तो आवाज दाबण्यासाठी ज्यूद्वेषाचा आरोप वापरला जातो, हेही खरे आहे. २०१६ साली एका आंतरराष्ट्रीय संघटनेने ज्यूद्वेषाची जी व्याख्या केली, तिच्या उदाहरणांत इस्राएलवरची टीका गुंतली आहे. त्यावर नाराज होऊन २०२१ मध्ये दोनशेवर अभ्यासकांनी, ज्यांत पुष्कळ ज्यू आहेत, जेरुसलेम जाहीरनामा काढला आणि सांगितले की एखाद्या राज्याच्या धोरणावर टीका वेगळी आणि ज्यू म्हणून ज्यूंचा द्वेष वेगळा. माझ्या ट्रकवाल्या मित्राला मी एवढेच सांगू शकलो होतो, की २७ ऑक्टोबर २०२३ ला न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात युद्ध थांबवा म्हणून शेकडो लोक अटक झाले, ते बहुसंख्य यहुदी होते. त्यांनी विचारले, "सच में?" हा व्हिडिओ त्यांच्या फोनवर आला नव्हता.

काही हुशार लोक असेही म्हणतात, की अरबसुद्धा सेमिटिक, मग आपण 'सेमिटिकविरोधी' कसे? हा शब्दांचा खेळ आहे. १८७९ च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मार याने तो शब्द चालवला तेव्हा त्याला फक्त ज्यूंचा द्वेष म्हणायचे होते, आणि तो अभिमानाने म्हणायचे होते. त्याला अरबांची पडलेली नव्हती.

एक गोष्ट मी वर्गात सांगितली नाही, ती इथे सांगतो. बेने इस्राएल इस्राएलला गेले तेव्हा काय झाले? १९४८ च्या सुमारास हा समाज वीस हजारांच्या घरात होता. बहुतेक लोक पुढच्या दोन-तीन दशकांत निघून गेले. इथे कुणी हाकलले नव्हते, त्यांच्या जाण्याची कारणे धर्म, आशा, फाळणीनंतरची अनिश्चितता अशी मिश्र होती. तिथे पोहोचल्यावर रंगावरून, बोलण्यावरून कमी लेखले गेले. काहींनी बीरशेबात धरणे धरले आणि १९५२ मध्ये सरळ मुंबईला परत आले. आणि मग १९६० नंतर तिथल्या मुख्य धर्मपीठाने फतवाच काढला म्हणा, की बेने इस्राएल मुलामुलीचे लग्न लावण्याआधी मागच्या पिढ्यांची चौकशी करावी, हे अस्सल यहुदी आहेत की नाहीत ते पाहावे. पिढ्यानपिढ्या शनिवारी घाणा बंद ठेवलेल्या लोकांना! १९६४ च्या उन्हाळ्यात कोकणातल्या या बायामाणसांनी जेरुसलेममध्ये ठाण मांडले, संसदेत चर्चा झाली, तेव्हा कुठे तो आदेश मागे घ्यावा लागला. ओळखीचे राजकारण असे असते. बाहेरच्याला वेगळे काढून झाले की आतल्यांची मोजणी सुरू होते. आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याच्या तडव्यांना 'तुम्ही पक्के मुसलमान का?' असे विचारणारे आपलेच भाईबंद मी पाहिले आहेत, म्हणून मला ते फार दूरचे वाटत नाही. तिकडे गेलेले मराठी यहुदी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक काढत आले आहेत.

इथे आता फार थोडे उरले. मुंबई, ठाणे, रायगड मिळून काही हजार. जून २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, म्हणजे कागदावर ते आणि आपण एकाच रांगेत आहोत. नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मुंबईच्या नरिमन हाउसमध्ये सहा ज्यूंना मारले गेले, मारणारे आपल्या धर्माचे नाव घेत आले होते. त्या वेळी मुंबईच्या मुसलमानांनी मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात त्या दहशतवाद्यांना जागा द्यायला नकार दिला. ही बातमी मी स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचली होती, ते आठवते. कुणी काही बोलले नाही, पण पेपर हातोहात फिरला.

टिळकांवर १९१६ मध्ये राजद्रोहाचा खटला झाला तेव्हा त्यांच्या बाजूने बॅरिस्टर जिना उभे राहिले आणि त्यांच्याबरोबर एरुलकर नावाचे बेने इस्राएल वकील होते. हे आठवीच्या मुलांना सांगितले तर त्यांना ते बनवलेले वाटते. टिळक, जिना आणि यहुदी एका बाजूला कसे असतील! इतकी आपली डोक्यातली मांडणी पक्की झाली आहे.

मुंबईत माझगावला सर एली कदुरी शाळा आहे. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहीमकर आणि त्यांच्या भावांनी बेने इस्राएल मुलांसाठी 'इस्राएलाइट स्कूल' काढले, तीच ही. याच केहीमकरांनी समाजाचा पहिला मोठा इतिहास लिहिला. रिबेका रूबेन या विदुषी तिथे दीर्घकाळ मुख्याध्यापिका होत्या. ज्यांच्यासाठी शाळा काढली ती मुले समुद्रापार गेली, आणि आज तिथे शिकणारी बहुतेक मुले मुसलमान आहेत. यहुद्यांच्या शाळेत बिस्मिल्ला म्हणून डबा उघडणारी लेकरे! कोलकात्यात ज्यूंच्या मशिदींची राखण पिढ्यानपिढ्या मुस्लिम कुटुंबे करत आली आहेत.

यंदा नववीची सहल मुंबईला न्यायची आहे. गेटवेबरोबर मस्जिद बंदरची १७९६ ची मशीद आणि माझगावची शाळा बाहेरून का होईना दाखवावी, असे मी मुख्याध्यापकांना सुचवले. ते म्हणाले, पालकांची लेखी संमती घ्या, मग बघू. कागद वाटले. बेचाळीसपैकी एकोणचाळीस सह्या होऊन आले. ट्रकवाल्या वालिदांचा कागद त्यात आहे, सहीखाली उर्दूत लिहिले आहे की मुलाला मस्जिद स्टेशनवर एकट्याला सोडू नये, तिथे गर्दी फार असते. उरलेल्या तिघांपैकी एकाने नाही म्हणून कळवले आहे. त्यांच्या घरी मी जुम्यानंतर जाणार आहे. दोन कागद अजून आलेले नाहीत.